घोडकाठच्या पोरी, ओतूरचं मैदान

डिंभे,
७ जानेवारी २०२५

कल्याणी,

आईचा जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला टाकशील की उघडशील, मला माहीत नाही. उघडलंस तर पुढचं वाच. फोन करत नाही, कारण फोनवर मला एक तर रडू येतं नाहीतर राग येतो, आणि दोन्हींत सांगायचं ते राहून जातं. कागदावर मी बरी असते. अंगणवाडीचे रिपोर्ट लिहून लिहून हात बसलाय. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, ज्योत्स्नाकडून घेतला. तिला रागवू नकोस. मीच तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, पत्ता दिल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाही.

समेट करायला लिहितेय असं समजू नकोस. माझा राग आहे तिथंच आहे. तो कशाचा आहे ते तुला अजून कळलेलं नाही, तेही आज सांगत नाही. आज फक्त बातमी सांगते. आपली हर्षाली पुन्हा गोलमध्ये उभी राहिली.

तू गेल्यावर तिनं खेळ सोडला होता, हे तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. घोडकाठ क्लबची पोरं-पोरी बोलवायला यायची, ही आतून सांगायची, डोकं दुखतंय. हातमोजे माळ्यावर, बूट चुलतभावाला. बहीण कोल्हापूरला आणि ही घरात असून नसल्यासारखी. मी हिला आणि तुझ्या वडलांना अशी दोन ताटं वाढायची आणि दोन्ही अर्धी उष्टी परत यायची.

दिवाळी झाल्यावर बहिरू सर आले. तुला आठवत असतील, तळेघरकडचे, लष्करात होते तेव्हा पलटणीच्या संघात खेळायचे. रिटायर झाल्यापासून धरणाच्या भिंतीखालच्या माळावर पोरींना फुटबॉल शिकवतात. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "केशरमावशी, या साली पोरी लई तयार हायत. पर गोलात उभं ऱ्हायाला कुनी न्हाई. जी उभी करतो ती बॉल आला की डोळं मिटती."

हर्षाली आतूनच म्हणाली, "मी नाही खेळणार."

"बरं," सर म्हणाले. "आनि दुसरं म्हंजी, यंदा नवा नियम आलाय. पोरींच्या संघाबरोबर एक बाई मॅनेजर पायजे. ती पन मिळंना."

तेव्हा ही बाहेर आली. मला चिडवायला म्हणाली, "आईला करा की मॅनेजर. आई झाली तर मी खेळते."

तिला वाटलं मी हसण्यावारी नेईन. मी भाकरीचं पीठ मळत होते. हात तसेच पिठाचे घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "झाले."

तिचं तोंड बघायला हवं होतंस.

तर मी आता घोडकाठ क्लबची मॅनेजर आहे. पाठीवर तसं लिहिलेला निळा टी-शर्ट दिलाय, तो मी साडीवरून घालते. पोरी हसतात. हसू देत. आंबेगाव-जुन्नरच्या दोन तालुके चषकाच्या मॅचेस सुरू झाल्यात, पहिल्या दोन आम्ही जिंकलो. हर्षालीनं एकही गोल खाल्ला नाही.

अण्णांना हे पत्र माहीत नाही. उत्तर लिहायचं असेल तर अंगणवाडीच्या पत्त्यावर लिही.

तुझी आई,
केशर


डिंभे,
२७ जानेवारी २०२५

कल्याणी,

तुझं पत्र पोचलं. मी पाकीट फोडलं तेव्हा अंगणवाडीतली पोरं खिचडी खात होती. वाचता वाचता एकाची वाटी सांडली आणि मला कळलंही नाही. एवढंसं पत्र, पण तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. दवाखान्यात रात्रपाळ्या करतेस ते वाचलं. नर्सचं शिक्षण दिलं तेव्हा अण्णा म्हणाले होते, ही कुठंही उभी राहील. राहिलीस.

तू विचारलंस, अण्णा कसे आहेत. तब्येत बरी आहे. नारायणगाव डेपोतच आहेत, गाडी चालवतात, कमरेला पट्टा लावतात. तुझं नाव घेत नाहीत. मीही त्यांच्यासमोर घेत नाही. पण संध्याकाळी बातम्यांनंतर हवामान लागतं ना, त्यात कोल्हापूर आलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. मग परत कमी करतात.

आता मॅचचं सांगते. काल घोडेगावला सेमीफायनल झाली. मंचरच्या पोरी होत्या समोर, सगळ्यांचे बूट एका रंगाचे. आमच्याकडे तळेघरची लंका आहे. आजीचं नाव ठेवलंय तिला. नाचणीच्या खाचरांतून रोज चालत रस्त्यावर यायचं आणि मग गाडी मिळाली तर कॉलेज, असं तिचं आयुष्य. ती पळायला लागली की बाकीच्या उभ्या आहेत असं वाटतं. तिनं एक गोल केला, तेवढ्यावरच मॅच जिंकली, कारण आपल्या हर्षालीनं पुढचं काहीही आत जाऊ दिलं नाही. एक चेंडू तर तिनं तोंडानं अडवला. नाकातून रक्त आलं. मी कापूस घेऊन पळाले तर म्हणते, "आई, लाइनच्या बाहेर हो, पंच ओरडेल."

मला आता ऑफसाइड कळतं. हसू नकोस. पोरींना विचारलं तर त्या कागदावर बाण काढायला लागल्या. शेवटी बहिरू सरांनी सांगितलं, "मावशी, पंगतीचं ध्यानात ठेवा. वाढपी निघायच्या आधीच सगळ्यांच्या पुढं जाऊन पान मांडून बसायचं न्हाई. तो निघाला की मग पळा किती पळायचं ते. आनि आपल्याच अंगनात उभं आसल तर कुनी कायबी म्हनू शकत न्हाई." तेव्हापासून मी झेंडेवाल्याशी सुद्धा भांडू शकते.

घरी आलो तर अण्णा ओट्यावर. विचारलं काय, तर "उशीर झाला?" मी म्हटलं, "जिंकायला वेळ लागतो." त्यांनी हर्षालीच्या नाकाकडे पाहिलं, आत गेले, हळद-दूध करून आणलं. दुधात साखर जास्त पडली होती. ती मुकाट्यानं प्यायली.

फायनल नऊ तारखेला आहे. ओतूरच्या मैदानावर, ओतूरच्या मांडवी क्लबशी. लागोपाठ पाच वर्षं चषक त्यांच्याकडे आहे. आपल्या आंबेगाव तालुक्यात एकदाही आलेला नाही. आणि मांडवी क्लबचा अध्यक्ष कोण ते मी तुला सांगायला नको. तुझे सासरे.

स्वराज कसा आहे? हे मी पहिल्यांदा विचारतेय. उत्तर दिलंस तरी चालेल.

आई


डिंभे,
८ फेब्रुवारी २०२५

कल्याणी,

अंगणवाडी सुटली, पोरं घरी गेली. उद्या फायनल आहे. हातात काम नाही आणि मन जाग्यावर नाही, म्हणून लिहायला बसले.

एक गोष्ट मी तुझ्यापासून दोन वर्षं लांब ठेवली. आता सांगते, कारण उद्या काय होईल ते तुला नीट समजायला हवं. दोष द्यायला सांगत नाहीये, हे आधी वाच आणि मग पुढचं.

तू आणि स्वराज गेलात, त्याच्या पुढच्याच महिन्यात ओतूरला अशीच फायनल होती. हर्षाली सतरा वर्षांची. मी म्हटलं होतं, जाऊ नको. ती म्हणाली, माझा काय संबंध? गोलपोस्टच्या मागं मांडवीची पोरं बसली होती, हलग्या घेऊन. पहिला चेंडू आत गेला आणि त्यांनी एक ओरडा सुरू केला. "थोरलीनं नेला पोरगा, धाकटीनं खाल्ला गोल!" हलगीच्या ठेक्यावर. सगळं मैदान हसलं. मग दुसरा गेला, तिसरा गेला. तिनं पाच गोल खाल्ले. शेवटच्या दोनांना तर ती जागची हललीही नाही. परत येताना टेम्पोत कोपऱ्यात बसली होती, डोक्यावर टॉवेल घेऊन. घरी आल्यावर हातमोजे माळ्यावर टाकले. मला तिनं काहीही सांगितलं नाही, बरोबरच्या पोरींनी सांगितलं.

तुझ्या सासऱ्यांनी, भगवंतरावांनी, त्यांना गप्प केलं नाही. मांडवाखाली खुर्चीवर बसून होते म्हणे. त्यांचाही पोरगा घरातून गेला होता, त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांना माहीत. पण अण्णांना हे कळलं तेव्हापासून ओतूरचं नाव काढलं की ते उठून जातात. ओतूरची ड्युटी लागली तर बदलून घेतात.

काल मी म्हटलं, "रविवारी फायनल आहे. या की."

"त्या मानसाच्या मैदानावर मी पाय ठेवनार न्हाई. आनि रविवारी ड्युटी हाय."

"पोरगी उभी राहणार आहे तिथं. तुम्ही नाही गेलात तर?"

"तिला सांग, जिंकून ये," म्हणाले आणि कमरेचा पट्टा आवळत बाहेर गेले.

मी हर्षालीला विचारलं, "भीती वाटते का?" ती बुटांच्या नाड्या धुवत होती. म्हणाली, "वाटते. चेंडूची नाही वाटत."

आता माझ्या रागाचं. तू समजत असशील की लग्नाचा राग आहे, जातीचा आहे, लोक काय म्हणतील त्याचा आहे. लोक बोलले, बोलून दमले. तुझी पसंती चुकीची आहे असं मी एकदाही म्हटलेलं नाही, कुणाच्याही पुढं. राग याचा आहे की त्या दिवशी सकाळी मी तुझा डबा भरला. कारल्याची भाजी होती, तुला आवडते म्हणून. तू तो घेतलास, "येते गं" म्हणालीस आणि गेलीस. मला सांगितलं असतंस तर मी अडवलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण डब्यात कारलं दिलं नसतं. काहीतरी गोड दिलं असतं.

झालं. एवढंच होतं.

तू लिहिलंस की स्वराज फाउंड्रीतून आल्यावर तुझ्यासाठी भाकरी करतो आणि त्या वातड होतात. पीठ गरम पाण्यात मळायला सांग त्याला.

उद्या सकाळी टेम्पो निघेल. निळा टी-शर्ट धुऊन वाळत घातलाय.

आई


डिंभे,
१० फेब्रुवारी २०२५

कल्याणी,

आवाज बसलाय माझा. काल इतकी ओरडले की आज अंगणवाडीत गाणं मदतनीसबाईंनी म्हटलं आणि मी नुसते हातवारे केले. तरी लिहायला घसा लागत नाही. सगळं सांगते, पहिल्यापासून.

ओतूरला उतरलो तर श्रावणी सोमवारच्या यात्रेसारखी गर्दी. भेळवाले, उसाचा रस, मांडवी क्लबचे हिरवे झेंडे. आपल्या डिंभ्याचे लोकही आले होते, मच्छीमारी करणारे, विहारातल्या बाया, पण त्या हिरव्यात आम्ही निळे म्हणजे पातेल्यात मोहरी. मांडवाखाली तुझे सासरे बसलेले. पांढरी टोपी, पांढरा सदरा. माझ्या टी-शर्टवर मॅनेजर वाचून त्यांनी मान दुसरीकडे केली. मीही केली.

मॅच सुरू झाली आणि आपल्या पोरींचे पायच उचलेनात. त्यांची कॅप्टन समृद्धी, राज्याच्या संघातून खेळून आलेली. चेंडू तिच्या पायाला चिकटून राहतो. तिनं बऱ्याच लांबून मारला. हर्षालीच्या पुढं टप्पा पडला, उसळी भलतीच आली आणि चेंडू तिच्या हाताखालून आत.

आणि हलगी वाजली.

"थोरलीनं नेला पोरगा, धाकटीनं खाल्ला गोल!"

तीच पोरं, त्याच जागी. मी बाकड्यावरून उठले. बहिरू सरांनी माझा हात धरला. "मावशी, तुमी गेला तर पंच संघाला बाहेर काढंल." मी उभी राहिले, हात धरलेला. मला हर्षाली पाठमोरी दिसत होती, आणि तिचे खांदे हळूहळू खाली यायला लागले होते.

पुढचं मला लांबून नुसतं दिसलं. काय बोलणं झालं ते नंतर कळलं, तेव्हा सांगते तसं ऐक. गोलपोस्टच्या मागं बायकांचा घोळका होता. त्यातून एक बाई उठली. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, अंगानं बारकी. ती सरळ त्या हलगीवाल्या पोरांसमोर गेली आणि हलगीवर हात ठेवला. हलगी बंद.

"काय म्हनत व्हता रं? परत म्हना."

पोरं मागं सरकली.

"म्हना की! मी ऐकतीय. जो पोरगा नेला म्हनताय, त्यो माझा हाय. माझ्या पोटचा. कुनी नेला न्हाई त्याला, त्यो आपल्या पायानं गेलाय, लगीन करून. आनि ती थोरली माझी सून हाय. ही माझ्या सुनेची बहीण हाय. हिच्या नावानं पुन्यांदा तोंड उघडलं तर तुमच्या आयांना घरी येऊन सांगन, तुमी काय शिकलाय ते."

ठकूबाई. तुझी सासू.

तू तिला पाहिलेलं नाहीस. मीही कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून एवढ्याशा अंतरावर आपापल्या घरात कुढत होतो आणि ओळख नव्हती. पोरांतला एक म्हणाला, "काकू, अध्यक्ष काकांनी कधी आमाला..." त्याला तिनं पुढं बोलूच दिलं नाही. "काकांचं मी बघते घरी गेल्यावर."

मग ती हर्षालीकडे वळली. चेंडू मधल्या रेषेवर नेत होते, म्हणून खेळ थांबलेला. म्हणाली, "तू पुढं बघ गं बाई. मागं मी हाय."

मांडवाखाली तुझे सासरे ताठ बसले होते. बाकीचे पुढारी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. उठले नाहीत.

हर्षाली काल रात्री म्हणाली, "आई, मागं वळून बघायची सवयच गेली माझी. एकदम गेली."

त्यानंतर ती पोरगी जी खेळली! डावीकडे झेप, उजवीकडे झेप, पायानं, गुडघ्यानं. समृद्धीनं कपाळावर हात मारून घेतला एकदा. हाफटाइमला पोरी गोल करून बसल्या, तेव्हा मला वाटलं मॅनेजरनं दोन शब्द बोलावेत. रात्रभर मनात जुळवले होते. "पोरींनो," म्हणाले आणि पुढचं सगळं विसरले. लंका म्हणाली, "मावशी, लिंबाला मीठ लावलंय का?" मी मीठ दिलं. तेवढंच माझं भाषण.

दुसऱ्या हाफला आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू घोळक्यात पडला, सगळ्या एकमेकींच्या अंगावर, आणि मधूनच तो जाळीत दिसला. लंकानं मारला. पायानं की गुडघ्यानं की पोटानं, तिचं तिलाही सांगता येत नाही. एक-एक. आपले मच्छीमार इतके नाचले की भेळवाल्याची गाडी कलंडता कलंडता राहिली.

मग मात्र ओतूरनं जोर लावला. आपल्या पोरी दमल्या होत्या, सगळ्या मागं आल्या. मॅच संपत आली, पंच घड्याळ बघायला लागला आणि गोलसमोरच्या धुमश्चक्रीत आपल्या एकीच्या हाताला चेंडू लागला. पेनल्टी.

मला पेनल्टी कुणी समजावायची गरज पडली नाही. एक मारणारी, एक अडवणारी, बाकी सगळं जग बाजूला.

समृद्धीनं चेंडू ठेवला. बहिरू सर तोंडाशी हात नेऊन ओरडणार होते, डावीकडं जा म्हणून की उजवीकडं, कुणास ठाऊक. हर्षालीनं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. म्हणजे गप्प राहा. इतकं मैदान, पण एक चिमणी ओरडली असती तरी ऐकू आली असती. समृद्धी पळत आली. मारला.

हर्षाली आडवी झाली. हवेत आडवी, कल्याणी! तळहाताला लागून चेंडू खांबावर आपटला आणि परत तिच्याच पोटाशी आला.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण तिला थांबायचंच नव्हतं. ती उठली कधी आणि चेंडू फेकला कधी ते मला दिसलंच नाही. ओतूरच्या सगळ्या पोरी पेनल्टीला पुढं आलेल्या. मधल्या रेषेच्या अलीकडं, आपल्याच अंगणात, एकटी लंका उभी होती. मी पहिल्यांदा झेंडेवाल्याकडे बघून ओरडले, "ऑफसाइड नाय! आपल्या अंगणात होती!" त्यानं झेंडा उचललाच नव्हता. लंका सुटली. मागं धुरळा. त्यांची गोलकीपर पुढं आली, लंकानं चेंडू तिच्या बाजूनं हळूच ढकलला, जसं वासराला गोठ्यात ढकलावं तसा. आणि तो गेला गडगडत. आत.

मी मैदानात होते. कधी गेले माहीत नाही. लंकाला मिठी मारली, जी सापडली तिला मिठी मारली. पंच शिट्ट्या फुंकत आला, कारण मॅच अजून संपलेली नव्हती, आणि त्यानं मला पिवळं कार्ड दाखवलं. मला! अंगणवाडीत एवढी वर्षं झाली, एक मेमो नाही. मी त्याला म्हटलं, "दाखवा, अजून एक दाखवा." सरांनी ओढत बाहेर नेलं. मग शेवटची शिट्टी झाली आणि सगळं डिंभं मैदानात उतरलं.

चषक द्यायला तुझे सासरे उभे राहिले. आपल्या कॅप्टननं हर्षालीला पुढं केलं, म्हणाली, आज हिनंच घ्यायचा. भगवंतरावांनी चषक तिच्या हातात दिला, पण सोडला नाही लगेच. हर्षाली वाकून हळूच म्हणाली, "काका, दाजी मजेत हायत. भाकरी करायला शिकलेत." त्यांचे डोळे भरले का ते मी सांगणार नाही, मी तेवढ्या जवळ नव्हते. फोटोवाला म्हणाला, "अध्यक्षसाहेब, हसा की." ते हसले नाहीत. पण फोटो काढून झाला तरी तिच्या शेजारून हलले नाहीत.

मी ठकूबाईंना शोधत गोलपोस्टच्या मागं गेले. तिथं त्यांच्यासमोर एक माणूस हात जोडून उभा होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कमरेला पट्टा. कल्याणी, अण्णा! ड्युटी खोटी होती. रजा काढली होती त्यांनी. पहिल्यापासून तिथंच होते, मांडवीच्या पोरांच्या मागं, हिरव्या गर्दीत, कुणी ओळखू नये म्हणून. तो ओरडा सुरू झाला तेव्हा मुठी आवळून पुढं निघाले होते. भांडण झालं असतं, मॅच मोडली असती. तेवढ्यात एक बारकी बाई त्यांच्या पुढून उठली.

मी पोचले तेव्हा ते म्हणत होते, "जयभीम, ताई. मी कल्याणीचा बाप."

दोन वर्षांनी घेतलेलं नाव. असं स्पष्ट, मोठ्यानं, जसं डेपोत पुकारतात.

ठकूबाईंनी पदर सावरला. "मी वळखलं न्हाई, पावणं. उभं का? बसा." कुठं बसणार, सगळा धुरळा. तरी तिघं बसलो, तिथंच, गोलपोस्टला टेकून. त्या म्हणाल्या, "माझी सून दिसाया कशी हाय हो?" माझ्या मोबाइलमध्ये तुझा कॉलेजातला फोटो होता, तो दाखवला. खूप वेळ बघितला. म्हणाल्या, "हिला म्हनावं, सासूनं दोन वर्सं वाट बघितली, आता बास. पुढल्या रविवारी आमी येतो. यांना आनते मी, कसं आनायचं ते माझं मला ठाव हाय. तुमी बी चला बरोबर." अण्णा म्हणाले, "गाडीचं रिझर्वेशन मी करतो."

तर रविवारी आम्ही येतोय. हर्षालीसुद्धा. तुला रात्रपाळी असेल तर बदलून घे. स्वराजला सांग, भाकरी तो करेल, पीठ मी मळीन.

परतीची मिरवणूक काय सांगू! जुन्नरला थांबवलं, घोडेगावला थांबवलं, डिंभ्यात विहारासमोर बायांनी निळा गुलाल उधळला, देवळाकडच्या बाया ओवाळायला आल्या. तळेघरच्या लोकांनी लंकाला खांद्यावरून खाली उतरूच दिलं नाही. चषक आता आपल्या घरी आहे, आज सगळं गाव बघून जातंय. कुणी त्यात चहा मागू नये एवढंच मी बघते.

हे लिहीत होते तर अण्णा आले आणि शेजारी बसले. कागदाकडे बघितलं. मी लपवला नाही.

"तिला लिव्हतीयस?"

"हो."

त्यांनी कमरेचा पट्टा सैल केला. मग म्हणाले, "माझं बी लिव्ह."

"काय लिहू?"

"लिव्ह की, आमी जिंकलो."

मी लिहायला लागले तर त्यांनी माझ्या पेनावर बोट ठेवलं.

"आमी न्हाई," म्हणाले. "आपन जिंकलो, असं लिव्ह."